भिंतीवरून उतरलेला

आमच्या गावातले सगळे शहीद माझ्या बाबांच्या अंगात उभे आहेत. मला वेड लागलेलं नाही, कोणीही येऊन बघावं. चौकातल्या आमच्या फोटो स्टुडिओत शिरलं की उजव्या हाताची भिंत वरपासून खालपर्यंत त्यांचीच. प्रत्येकाचं डोकं ज्याचं त्याचं, मानेखालचा माणूस मात्र एकच. तेच रुंद खांदे, तोच एका बाजूला झुकलेला पट्टा, खिशाचं तेच तुटलेलं बटण.

कारण साधं होतं. लढाईत पोरगा गेला की त्याचे आईवडील फोटो करून घ्यायला आमच्या आईकडे यायचे आणि हाताला लागेल ते चित्र घेऊन यायचे. लग्नातल्या घोळक्यात मागे उभा असलेला, शाळेच्या वर्गात ऐन वेळी डोळे मिटलेला, मित्राच्या मोटरसायकलवर बसून बत्तिशी दाखवणारा. गणवेशातला फोटो कोणाकडेच नसे, कारण गणवेश अंगावर चढल्यावर फोटो काढायला पोरं परत येतच नसत. गणवेशातला धड म्हणावा असा गावात एकच फोटो होता, बाबांचा. बाबा लढाईच्या पहिल्याच वर्षी गेले. आईने त्या फोटोतलं त्यांचं डोकं कापून बाजूला ठेवलं आणि उरलेल्या धडावर एकामागून एक गावातली पोरं चढवली. कॉलरपाशी सांधा यायचा, तो बारीक ब्रशने बुजवायचा, मग त्याचा पुन्हा फोटो काढून मोठा करायचा. हे काम म्हणजे तिच्या हातचा मळ होता.

एकदा छावणीतला मोठा साहेब भिंत बघायला आला आणि म्हणाला, "तुमच्या गावच्या जवानांना बटणं लावायचा कंटाळा दिसतो." आई म्हणाली, "देशासाठी मरायला बटण लागत नाही, साहेब." साहेबाने टोपी काढली. शेजारची शिवणकाकू, जी दिवसभर मशीनवर दुसऱ्यांचे कपडे शिवायची, ती नंतर हळूच मला म्हणाली, "एवढं एक बटण मला लावू दे म्हणावं की." तिचा एकुलता एक मुलगा त्या भिंतीवर होता. त्याला तिने उभ्या आयुष्यात तुटक्या बटणाने घराबाहेर पाठवलं नव्हतं.

दुसरं काम तोंडाचं. शहीद हसत नाही, हा आईचा नियम. कोणी हसरा फोटो घेऊन आलं आणि ओशाळून म्हणालं की दुसरा नाही हो, तर आई म्हणायची, "असू दे. तोंड मी नंतर मिटवीन." आणि मिटवायची. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत हसणारं पोरगं देशाचं होऊन जायचं.

देशभक्ती आम्हाला तिनेच शिकवली, आणि ती शाळेत शिकवतात तशी पातळ नव्हे. भिंतीवर नवा फोटो चढला की आम्ही दोघा भावंडांनी त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि माझ्या भावाने म्हणायचं, "मी तुझी जागा भरीन." मी मुलगी. मला वेगळं वाक्य होतं. मी म्हणायचे, "मी तुझ्या जागी पाठवीन." कोणाला पाठवायचं हे विचारायची गरज नव्हती. तो माझ्या शेजारीच उभा असायचा, नाक ओढत.

माझा भाऊ घरात धाकटा आणि गल्लीत दात्या. त्याचे दात झाकले म्हणून कधी जात नसत. मार खातानाही हसायचा, आणि तो हसतोय म्हणून आणखी मार खायचा. बाबांचं धड आईने खऱ्या मापाचं करून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. दर काही महिन्यांनी ती धाकट्याला खिडकीपाशी उभं करायची, ते धड त्याच्या हनुवटीखाली धरायची, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "मान अजून बारीक आहे." धाकटा त्या पुठ्ठ्यामागून मला वेडावून दाखवायचा. मी हसायचे, पण त्याची मान कधीच भरू नये, त्याने अर्धपोटी राहावं, काडीपैलवान राहावं, असं मला वाटायचं. मी त्याच्या ताटात कमी वाढायचे. त्याला वाटायचं ताई कंजूष आहे.

घरातला दुसरा कायदा लाल दिव्याचा. स्टुडिओच्या मागे डार्करूम, तिच्या दारावर बाहेरच्या बाजूला लाल दिवा. तो लागलेला असेल तर जग बुडालं तरी दार उघडायचं नाही. लहानपणी धाकट्याने एकदा उघडलं. आत एका मेलेल्या पोराच्या सामानात सापडलेला, कोणी न बघितलेला रोल धुवायला काढला होता. त्याच्या आयुष्यातले शेवटचे फोटो एका क्षणात काळे पडले. आईने धाकट्याला चापटसुद्धा मारली नाही. हाताला धरून त्या पोराच्या आईच्या दारात नेलं आणि म्हणाली, "याने तुमच्या मुलाला दुसऱ्यांदा मारलं." त्या बाईने त्याच्याकडे जसं बघितलं, ते त्याला कित्येक वर्षं झोपेत दिसायचं. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. लागलंच नाही कधी.

मान शेवटी भरलीच. मी कमी वाढून काय होणार होतं? तो बाहेर खात होता. त्या दिवशी पुठ्ठा बरोबर बसला आणि आई दिवसभर गुणगुणत होती. पुढच्या भरतीत त्याचं नाव लागलं. निघायच्या सकाळी आईने त्याला स्टुडिओत स्टुलावर बसवलं, दिवे लावले, कॅमेऱ्यामागे गेली. धाकट्याला हसू आवरेना. भीतीने असेल, पण दात काही झाकले जात नव्हते. तो म्हणाला, "आई, थांब, मला जरा गंभीर होऊ दे."

आई काळ्या कपड्याखालून म्हणाली, "हस रे तू. तोंड मी नंतर मिटवीन."

हे ती काही दुष्टपणे म्हणाली नाही. सवयीने तोंडातून गेलं. कपड्याखालून बाहेर आल्यावरही आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पण धाकट्याचं हसू गेलं. त्याचे ओठ आपसूक मिटले आणि आईने तेवढ्यात बटण दाबलं. मिटल्या तोंडाचा त्याचा तो एकमेव फोटो.

बसथांब्यावर मी त्याला सोडायला गेले. तो म्हणाला, "ताई, तिने मला आधीच करून ठेवलंय गं. मी जिवंत आलो तर तिची पंचाईत होईल."

मी म्हणाले, "मावशीच्या गावाला उतर. काकांच्या सलूनमध्ये दाढ्या कर. पण तिथे जाऊ नकोस."

"आणि धरलं तर?"

पळालेल्याला धरलं तर तुरुंगात टाकत नसत. सगळ्यात पुढच्या चौकीवर पाठवत, आणि तिथून कोणी चालत परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी त्याला म्हणाले, "मग धरू देऊ नकोस." एवढीच माझी अक्कल. तो हसला आणि बसमध्ये चढला.

थोड्या दिवसांनी छावणीतला एक माणूस विचारायला आला की तुमचा मुलगा अजून पोचला का नाही. आईने कानांवर हात ठेवले. इथून गेला, पुढचं तुम्ही बघायचं, म्हणाली. तो गेल्यावर तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी भांडी घासत राहिले. मग ती डार्करूममध्ये शिरली, दिवा लागला, आणि संध्याकाळी भिंतीवर धाकटा होता. बाबांच्या अंगात, तोंड मिटून, खाली नाव आणि तारीख. सांधा इतका बेमालूम की कोणी म्हणालं असतं, जन्मला तोच या गणवेशात. कुठे पडला असं लोकांनी विचारलं, तर आई म्हणाली, "सीमेवर." त्यापुढे कोण विचारणार? आमच्या गावात सरकारी कागदाच्या आधी ती भिंत खरी मानायचे. लढाई पेटत चालली होती, छावणीलाही एका पोरामागे फिरायला माणसं नव्हती. शिवणकाकू येऊन आईच्या गळ्यात पडून रडली. आई रडली नाही, आणि गावाने त्याचंही कौतुक केलं.

मी मात्र खूश होते, कोणाला सांगू नका. माझा भाऊ मेला होता आणि दाढ्या करत होता. याहून सुरक्षित जागा मला सुचली नसती.

घोटाळा एका गिऱ्हाइकाने केला. आमच्या गावचा एक दारुडा कामानिमित्त मावशीच्या गावी गेला, दाढी करायला खुर्चीत बसला आणि आरशात बघतो तर मागे वस्तरा घेऊन शहीद. अर्ध्या गालाचा फेस तसाच ठेवून तो जो पळाला तो थेट स्टँडवर. गावात येऊन त्याने बोंब मारली, पण त्याला आधीही काय काय दिसायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. धाकट्याला मात्र कळलं की आपण मेलो आहोत. आणि हा वेडा, हे ऐकून हसत हसत घरी आला.

भर दुपार होती. चौकातली दुकानं अर्धी शटरं ओढून पेंगत होती. तो मागच्या बोळातून आला. आई टेबलाशी बसून कोणाची तरी कॉलर बुजवत होती. तिने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, जसं काय दोन्हींत फरक कुठे राहिला ते तपासतेय.

"आई, मला खाली उतरव," धाकटा म्हणाला. "अगं, लग्न जमतंय माझं. मुलगी बरी आहे, माझ्यासारखीच खिदळते. पण तिच्याकडचे इथे चौकशीला येणार. मेलेल्याला मुलगी कोण देईल?"

आईने ब्रश पाण्यात धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "जेवलास का?" म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटलो. मी ताट वाढलं, भरभरून वाढलं, त्या एका दिवशी हात आखडला नाही. तो तिथेच टेबलाच्या कडेला बसून जेवायला लागला आणि तेवढ्यात शिवणकाकू आली. रोज जेवण झालं की ती यायची, मुलाच्या काचेवरून हात फिरवायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि मशीनवर परत जायची. ती कधी येते हे आम्हाला घड्याळासारखं पाठ होतं आणि नेमकं त्या दिवशी आम्ही तिघंही विसरलो.

तिने भिंतीवरच्या धाकट्याकडे बघितलं, मग जेवणाऱ्या धाकट्याकडे. किंचाळली नाही. जवळ गेली, त्याच्या गालावर अंगठा दाबून बघितला.

"गरम आहे," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं.

"मग माझाही येईल," ती म्हणाली. आईकडे वळून, अगदी मायेने म्हणाली, "सांगायचंस ना गं. किती वर्षं." आणि ती घाईने बाहेर पडली. तिला इतक्या घाईने चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. शटरच्या फटीतून मला आधी पाय दिसले. मग आणखी पाय. गल्लीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या, बाजारामागच्या. एकेक बाई येत होती आणि उभी राहत होती. आरडाओरडा नाही, साधी कुजबुजसुद्धा नाही. प्रत्येकीने घरच्या भिंतीवरचा फोटो काढून आणला होता, तेच बाबांचं धड, तेच तुटकं बटण, सगळ्यांच्या छातीशी. एकीने तर येताना मुलाच्या कपड्यांचा धुतलेला जोड आणला होता, घडी घालून. आल्या आल्या बदलायला.

आई फटीतून पुष्कळ वेळ बघत राहिली. तिचं डोकं कसं चालतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, घाबरली.

ती वळली आणि धाकट्याला म्हणाली, "आत जाऊन बस. मी दिवा लावते म्हणजे कोणी उघडणार नाही. गाडी बघून आणते. मागून निघ आणि परत जा."

तो उठला. आईने त्याच्या मानेवरून हात फिरवला, तो आत गेला, तिने दिवा लावला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. मी डार्करूमच्या दाराला पाठ लावून बसले. पुढे शटरबाहेर बायका, मागे आत तो.

"ताई," तो आतून म्हणाला, "इथे अजून तसाच वास आहे. नाकाला झोंबणारा."

"गप्प बस."

"मी येऊ का बाहेर? आईला फार वेळ लागला. मी आपला बोळातून निघतो. बस मिळेल."

"लाल दिवा आहे," मी म्हणाले.

"आत फिल्म कुठेय, ताई? नुसता मी आहे."

"माहीत आहे. पण दिवा आहे."

आम्ही दोघंही हसलो. दाराला कडी नव्हती. बोळ मोकळा होता. त्याने हात लावला असता तर दार उघडलं असतं, मी हात लावला असता तर उघडलं असतं. एवढी मोठी दोन माणसं, आणि एका दिव्याला घाबरून बसलो होतो. त्याने मला मुलीबद्दल सांगितलं. ती हसताना तोंडावर हात धरते आणि हे त्याला पटत नाही, म्हणाला. लग्न झालं की पहिला तो हात खाली करायला लावीन, म्हणाला.

आई आली. तिच्या मागे छावणीतले दोघं होते.

मी उठले, पण काय करावं तेच सुचेना. एकाने मला बाजूला केलं आणि दुसऱ्याने दार उघडलं, सरळ, सहज, लाल दिवा चालू असताना. धाकटा उजेडात डोळे मिचकावत बाहेर आला. त्याला गणवेश दिसला, मग आई दिसली.

"गाडी कुठली आणलीस, आई?" त्याने विचारलं.

"सरकारी," आई म्हणाली.

त्याला मागच्या बोळातून नेता आलं असतं. आईने नेऊ दिलं नाही. तिने पुढचं शटर स्वतः वर ढकललं, खडखड करत पार वरपर्यंत, आणि त्याला दंडाला धरून सगळ्या बायकांच्या समोर उभं केलं. ऊन त्याच्या तोंडावर आलं.

"बघून घ्या," आई म्हणाली. "हा पळाला होता. लढायला गेलाच नाही. जो पळतो तो परत येतो. तुमची मुलं पळाली नाहीत, म्हणून ती येणार नाहीत. आता घरी जा."

बायका हलल्या नाहीत. शिवणकाकू पुढे आली. फोटो तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"माझाही पळाला असेल गं," ती म्हणाली. "लहानपणापासून भित्रा होता तो. अंधारात मोरीपर्यंत जायचा नाही एकटा. पळालाच असेल. तुला काय माहीत?"

"तुझा छातीवर गोळी घेऊन पडला."

"तू बघितलंस?"

"भिंतीवर आहे तो. मी चढवलाय."

"यालाही चढवलाच होतास की," शिवणकाकू म्हणाली.

आईने धाकट्याचा दंड आणखी घट्ट धरला. मग ती म्हणाली, "म्हणून तर याला परत पाठवतेय."

धाकटा एकदा माझ्याकडे बघून हसला, गल्लीतल्या दात्यासारखा, आणि त्या दोघांबरोबर चालायला लागला. बायकांनी वाट दिली. जिने कपडे आणले होते, तिने ते त्याच्यापुढे धरले. तिला काय वाटलं कोण जाणे. त्याने घेतले आणि काखेत मारले. मग एकेक बाई फोटो घेऊन घरी गेली. शिवणकाकू शेवटपर्यंत उभी होती. संध्याकाळी तिच्या मशीनचा आवाज आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा यायला लागला.

त्या रात्री मी आईला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. कैदाशीण म्हणाले. तिने ऐकून घेतलं.

"त्या बायका आत्ता कुठे दोन घास खायला लागल्या होत्या," ती म्हणाली. "याला बघून गेल्या असत्या तर रोज दार उघडं टाकून बसल्या असत्या. मरेपर्यंत. किती जणींना वेड लागू द्यायचं, तूच सांग."

"तुझा मुलगा होता तो."

"म्हणूनच," आई म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा असता तर लपवला असता मी."

आणि सगळ्यात वाईट हे, की ती खरं बोलत होती. दुसऱ्याच्या मुलाला तिने खरंच डार्करूममध्ये ठेवलं असतं, खाऊ घातलं असतं, रात्री बसमध्ये बसवून दिलं असतं. तिला शोभेल असाच तिचा देश होता. त्यात आपल्या माणसाला कुठे जागाच नव्हती.

त्याला पुढच्या चौकीवर पाठवलं. मावशीकडच्या त्या मुलीचं नंतर दुसरीकडे ठरलं. पानगळ सुरू झाली तेव्हा छावणीतला साहेब स्वतः आमच्याकडे आला, टोपी काढली आणि सांगितलं की मुलगा शौर्याने पडला. मागचं सगळं पुसलं गेलं, म्हणाला. आईने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला पाणी दिलं. बाहेर पडताना त्याने भिंतीला सलाम ठोकला.

तो गेल्यावर आईने धाकट्याचा फोटो खाली काढला, चौकटीतून बाहेर घेतला आणि टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला. ब्लेड घेतलं. नावाखालची तारीख हलक्या हाताने खरवडायला लागली, कागद फाटू न देता.

"बघ," ती म्हणाली, "भिंत खोटी नव्हती. थोडी लवकर झाली होती, एवढंच."

ब्लेड हिसकावून घ्यावं असं मला वाटलं. तिने ब्रश रंगात बुडवला, पण नवी तारीख घालायला टोक टेकवलं तर हात थरथरायला लागला. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरून बघितलं. जमेना. मग तिने माझ्याकडे न बघता ब्रश पुढे केला.

मी घेतला. का घेतला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी श्वास रोखून, एकेक आकडा सावकाश काढला. कुठे फराटा नाही, कुठे डाग नाही. आईने चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"सुबक आलंय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला हात आहे तुझा."

जन्मात तिने मला असं म्हटलं नव्हतं. माझा भाऊ समोर टेबलावर होता, त्याच्या मरणाची तारीख अजून ओली होती, आणि मला बरं वाटलं. वरवर नाही, अगदी आतून बरं वाटलं. मी ब्रश धुवायला उठले, तेव्हा तिने मला उद्यापासून टेबलाशी बसायला सांगितलं, आणि मी हो म्हणाले.